मुळावर

सेंट हेलेना बेट, दक्षिण अटलांटिक

रोज सकाळी सात वाजता
मी बापाच्या मुळावर उठते.

म्हणजे विळा घेते, हातमोजे, चहाची बाटली,
आणि कॉर्विनच्या जीपमधून धुक्यापर्यंत जाते.
तिथे रस्ता संपतो, तिथून पुढे फ्लॅक्स.
डोक्याच्या वर जाणारी पाती. तलवारी म्हणाल,
पण तलवारी इतक्या दाट उगवत नाहीत.
एक गड्डा उपटायला दोघी लागतात.
खाली माती नसतेच, मुळं असतात नुसती,
एकमेकांच्या गळ्यात गळे घातलेली.

न्यूझीलंडहून आणला कुणीतरी, दोऱ्यासाठी.
बाप गिरणीत यंत्राच्या तोंडात पाती भरवायचा.
डाव्या हाताची दोन बोटं त्यानं यंत्राला दिली,
उरलेल्या आठांवर चार पोरं पोसली.
विलायतेत टपालाच्या थैल्या
त्याच्या दोऱ्यानं बांधल्या जायच्या.
तो अजून सांगतो: साहेबांच्या प्रेमपत्रांना
गाठ माझी होती.
मग तिकडे कुणाला तरी नायलॉन आवडलं.
गिरणी बंद झाली. मी तेव्हा आईच्या पोटात.

गिरणी बंद झाल्याचं
फ्लॅक्सला कुणी कळवलं नाही.
तो कामावर येतच राहिला,
डोंगर चढत, ढग टेकतात तिथपर्यंत.

तिथे आधीपासून कुणीतरी राहत होतं.
बुवा-कोबी. बाई-कोबी. काळा कोबी.
हसू नका. झाडंच आहेत ती, चांगली उंच,
नावं खलाशांनी ठेवलेली.
महिनोन् महिने समुद्र बघितलेल्या माणसाला
पहिलं हिरवं पान कोबीच दिसणार.
जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.
आणि वृक्षनेचे, ज्यांच्या केसाळ खोडांवरून
ढग थेंब थेंब उतरतो
आणि खाली आमच्या नळाला येतो.
एक ऑलिव्ह होतं, नावापुरतंच ऑलिव्ह.
त्याचं शेवटचं रोप मेल्याचं कळलं
तेव्हा मी टूना साफ करत होते.
करतच राहिले. काय करणार?

उपटलेल्या जागी बाई-कोबीचं रोप लावते,
करंगळीएवढं.
करंगळी म्हटलं की बापाची आठवते,
नसलेली.

पोरगा जेव्हॉन नवा आहे, जोशात असतो.
म्हणतो, परके सगळे उपटून समुद्रात टाका.
डेल्मा कंबर सरळ करत विचारते,
तुझं आडनाव रे हर्क्युलिस,
ते कुठल्या ढगातून गळलं?
गुलामांना नावं वाटणाऱ्या साहेबाला
जुन्या पोथ्यांचा नाद होता, एवढंच.
इथे माणूस एकही मूळचा नाही.
मादागास्कर, मलाया, चीन, इंग्लंड,
सगळे जहाजातून उतरलेले,
बरेचसे बेड्यांसकट.
जेव्हॉन गप्प. मग म्हणाला,
पण मी कुणाचं ऊन तर अडवत नाही.
यावर डेल्माकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही.

दुपारी एका पात्याच्या बेचक्यात
गोगलगाय सापडली. नखाएवढी, लालसर,
इथली, फक्त इथली.
तिला तिचं झाड उरलं नव्हतं,
म्हणून शत्रूच्या घरी भाड्यानं राहिलेली.
विळा खाली ठेवला.
तो गड्डा अजून तसाच आहे,
कॉर्विनच्या वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

संध्याकाळी बाप विचारतो, आज किती?
चाळीस, मी सांगते. खरे एकोणचाळीस.
तो मान हलवतो, जसा गिरणीत
पगाराच्या दिवशी हलवत असेल.
काल मात्र उठला, खुंटीवरची जुनी लड काढली,
पिवळी पडलेली, अजून चिवट.
म्हणाला, वरती वारा असतो.
तुझ्या त्या कोबीला आधार बांध.

आज बांधला.
काठीला एक वेढा, खोडाला सैल एक,
गाठ त्यानं शिकवलेली.
धुक्यात दोरा भिजून गडद झाला.

हा कुजायला किती वर्षं लागतात
ते विचारायचं राहिलं.